झाकलेले भिंग आणि अख्खा ‘त’ : नाशिकच्या एका शाळेतील प्रकरण अभ्यास

प्रसंग

पंचवटीतल्या आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत दहावीचे प्रात्यक्षिक चालू असताना एक बहिर्वक्र, म्हणजे मध्ये जाड आणि कडेला पातळ, भिंग स्टँडमधून निसटून फरशीवर पडले आणि त्याच्या कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा निघाला. भिंग ५ सेंटिमीटर व्यासाचे आणि २० सेंटिमीटर नाभीय अंतराचे होते, म्हणजे खूप दूरच्या वस्तूचा प्रकाश ते २० सेंटिमीटरवर, नाभीपाशी, एकत्र आणते. निघालेला तुकडा सर्वांत रुंद जागी सुमारे दीड सेंटिमीटर होता. शाळेच्या शिपाई मामांनी केरसुणीने काचेचा चुरा गोळा केला आणि उरलेले भिंग टाकून देऊ का, असे मला विचारले. मी उत्तर देण्याआधीच पुढच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, “बाई, ते आता बादच झालं. खालची कड गेली म्हणजे मेणबत्तीचा खालचा भाग पडद्यावर येणारच नाही.”

ही मुलगी वर्गातल्या चांगल्या मुलींपैकी एक आहे. वस्तू नाभीपासून दूर असो, नाभी आणि भिंग यांच्यामध्ये असो किंवा नाभीच्या दुप्पट अंतरावर असो, तिची किरणाकृती कधी चुकत नाही, आणि सूत्राने काढलेले प्रतिमेचे अंतर तिच्या आकृतीतल्या अंतराशी जुळते. म्हणूनच तिचे ते वाक्य मला निष्काळजीपणाचे वाटले नाही. मी वर्गाला विचारले, तेव्हा बहुतेक सर्व हात तिच्या बाजूने वर गेले. अर्धे भिंग झाकले तर अर्धी प्रतिमा दिसेल, याबद्दल कोणाला शंकाच नव्हती.

खरे उत्तर असे आहे की भिंगाचा काही भाग झाकला किंवा तुटला तरी प्रतिमा अख्खीच मिळते, फक्त अंधूक होते. हे मला पाठ होते आणि मी ते तिथल्या तिथे सांगून टाकू शकले असते. मी ते दाखवायचे ठरवले, आणि दाखवायला गेल्यावर जे घडले ते या लेखनाचे कारण आहे.

मुलीचे उत्तर कुठून आले

आधी त्या उत्तराकडे नीट पाहावे लागेल, कारण ते आम्हीच शिकवलेल्या आकृतीतून सरळ निघते. पाठ्यपुस्तकाच्या पद्धतीने प्रतिमा काढताना आपण वस्तूच्या टोकापासून दोन किरण घेतो. एक मुख्य अक्षाला, म्हणजे भिंगाच्या मध्यातून जाणाऱ्या आडव्या रेषेला, समांतर जातो, भिंगातून वळतो आणि मुख्य नाभीतून जातो. दुसरा प्रकाशीय केंद्रातून, म्हणजे भिंगाच्या मध्यबिंदूतून, न वळता सरळ जातो. जिथे ते एकमेकांना छेदतात तिथे टोकाची प्रतिमा. परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतात आणि प्रतिमेची जागा यातून अचूक मिळते. पण या आकृतीत भिंगाचा वरचा अर्धा भाग हाताने झाकून पाहा. समांतर किरण अडला, छेदबिंदू गेला, टोकाची प्रतिमा गेली. आकृतीवर विश्वास ठेवणाऱ्या मुलाने दुसरा निष्कर्ष तरी कसा काढावा?

आकृतीतली ही उणीव त्याच प्रयोगशाळेत दुसऱ्या एका गोष्टीतून दिसत होती, आणि इतकी वर्षे माझ्याही ध्यानात आली नव्हती. नाभीय अंतर काढताना मुले भिंगासमोर खिडकी धरतात आणि मागच्या पडद्यावर तिची छोटी, उलटी प्रतिमा मिळवतात. खिडकी चार फूट उंच आणि भिंग ५ सेंटिमीटरचे. खिडकीच्या वरच्या चौकटीपासून अक्षाला समांतर निघालेला किरण भिंगाच्या कितीतरी वरून निघून जाईल. भिंगाला तो शिवणारसुद्धा नाही. तरीही वरची चौकट पडद्यावर स्पष्ट दिसते. म्हणजे जो किरण आपण सर्वांत आधी काढतो तो प्रत्यक्षात अनेकदा भिंगातून जातच नाही. तो प्रतिमेची जागा शोधण्याची खूण आहे. प्रतिमा तयार होते ती वेगळ्याच प्रकाशाने.

(खिडकीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. आमची खिडकी भिंगापासून साधारण ३ मीटरवर असते, त्यामुळे मुलांना नाभीय अंतर २० ऐवजी सुमारे २१.४ सेंटिमीटर मिळते आणि ती भिंगालाच दोष देतात. तेच भिंग गच्चीवर नेऊन म्हसरूळकडच्या चामरलेण्यांच्या डोंगराकडे धरले, की कागदावर डोंगर उलटा उभा राहतो आणि मीटरपट्टीवर बरोबर २० येतात. दूरची वस्तू म्हणजे खरोखर दूरची, हे त्या डोंगराइतके चांगले कोणी शिकवत नाही.)

पहिली मांडणी आणि तिचे अपयश

मेणबत्तीची ज्योत हलते आणि तिचा वरचा-खालचा भाग वेगळा ओळखणे अवघड जाते, म्हणून मी पुठ्ठ्यात एक अक्षर कापायचे ठरवले. ‘क’ कापला तर पोटातला गोल गळून पडतो, म्हणून ‘त’ निवडला. त्याला वर शिरोरेषा आहे, त्यामुळे कोणता भाग गायब झाला हे मागच्या बाकावरूनही कळावे. अक्षर अडीच सेंटिमीटर उंच आणि दोन सेंटिमीटर रुंद होते. पुठ्ठ्यापासून ६० सेंटिमीटरवर तसेच दुसरे, शाबूत भिंग ठेवले. सूत्राप्रमाणे प्रतिमा भिंगाच्या मागे ३० सेंटिमीटरवर, निम्म्या आकाराची आणि उलटी मिळायला हवी, म्हणून पडदा ३० वर ठेवला. उजेडासाठी पुठ्ठ्याच्या मागे दीड मीटरवर दुसऱ्या बाकावर मोबाइलचा टॉर्च लावून ठेवला. पडदे ओढले. श्रावणातली दुपार होती आणि बाहेर आभाळ भरलेले होते, त्यामुळे खोलीत चांगला अंधार झाला.

पडद्यावर सव्वा सेंटिमीटरचा, उलटा, लखलखीत ‘त’ उमटला. शिरोरेषा खाली आणि दांडा वर. मी काळ्या कागदाने भिंगाचा वरचा अर्धा भाग झाकला.

शिरोरेषा गेली. ‘त’चा अर्धा भाग, अगदी सुरीने कापल्यासारखा, पडद्यावरून नाहीसा झाला. कागद काढला की परत आला, ठेवला की पुन्हा गेला. ती विद्यार्थिनी काही बोलली नाही, पण बाकीचा वर्ग तिच्या बाजूने टाळ्या वाजवू लागला. माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हते. जे घडले ते खरे आहे आणि त्याचे कारण शोधावे लागेल, एवढेच मी वर्गाला सांगितले. तास संपला तेव्हा फळ्यावर मी दोन वाक्ये लिहिली होती: ‘अर्धे भिंग झाकले तरी प्रतिमा अख्खी मिळते’ आणि ‘आज ती अर्धी मिळाली’. ती पुसू नयेत, असे मामांना सांगितले.

अशा वेळी प्रयोग गुंडाळून पुस्तकातले वाक्य लिहून देण्याचा मोह प्रत्येक शिक्षकाला होतो. मला वाटते की तो टाळला पाहिजे, कारण मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले आणि वहीत उतरवून घेतलेले यांची फारकत एकदा झाली की पुढे प्रत्येक प्रयोग त्यांच्यासाठी उपचार उरतो.

धागा कुठे सापडला

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी आल्या. मांडणी तशीच होती. मी त्यांना काही न सांगता पडदा मागे-पुढे सरकवायला सांगितले. खरी प्रतिमा असेल तर ती ३० सेंटिमीटरच्या आसपासच स्पष्ट असली पाहिजे आणि पडदा हलवला की फिसकटली पाहिजे. पडदा २६ वर आणला. अक्षर लहान झाले, पण स्पष्टच राहिले. ३४ वर नेला. अक्षर मोठे झाले, तरी स्पष्टच. मग पडदा भिंगाच्या जवळ, १५ वर आणला, आणि मुलीने चटकन मान वाकडी करून पाहिले.

“बाई, हा सुलटा आहे.”

पडद्यावरचा ‘त’ खरोखरच सुलट होता. समोर ठेवलेल्या वस्तूची एकट्या बहिर्वक्र भिंगाने पडद्यावर घेतलेली प्रतिमा नेहमी उलट असते. सुलट प्रतिमा आभासी असते, म्हणजे ती भिंगातून पाहतानाच दिसते आणि पडद्यावर घेता येत नाही. हे तिला माहीत होते, म्हणून तर ती चमकली. तिथेच माझ्याही लक्षात आले की आम्ही जे पाहत होतो त्यात भिंगाने प्रकाश एकत्र आणून घडवलेले फारसे काही नव्हते. तो पुठ्ठ्याच्या खाचेतून आलेला उजेडाचा कवडसा होता, अक्षराच्या आकाराचा. भिंगाने त्याला फक्त वाटेत वळवले होते.

कारण टॉर्चमध्ये होते. मोबाइलचा दिवा काही मिलिमीटरचा असतो, आणि तो दीड मीटर लांब होता. पुठ्ठ्यातल्या खाचेच्या कोणत्याही एका बिंदूपाशी त्या दिव्याकडून एकच बारीक किरण येतो आणि तसाच सरळ पुढे जातो. शिरोरेषेतून गेलेला किरण भिंगाच्या वरच्या भागावर पडतो, दांड्याच्या टोकातून गेलेला खालच्या भागावर. भिंगावर अक्षराचा जणू नकाशाच उमटलेला होता, साडेतीन सेंटिमीटर उंचीचा. त्या भिंगाचा वरचा भाग झाकणे म्हणजे नकाशाचा वरचा भाग झाकणे होते. मुलीचे म्हणणे या मांडणीपुरते पूर्णपणे बरोबर होते.

जुन्या नाशकातल्या वाड्यांत ज्यांचे बालपण गेले आहे त्यांनी याचा एक भाऊबंद पाहिलेला असेल. भर दुपारी दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत फळीच्या एखाद्या भोकातून समोरच्या भिंतीवर रस्ता उलटा उमटतो, माणसे डोके खाली करून चालतात. तिथेही प्रत्येक बिंदूपासून एकच बारीक किरण आत येतो, म्हणून भिंत जवळ असो की दूर, चित्र सारखेच रेखीव दिसते. ते अंधूक असते, कारण एवढ्याशा प्रकाशावर भागवायचे असते. भोक मोठे केले तर उजेड वाढतो, पण चित्र पुसट होते, कारण मग एका बिंदूचे अनेक किरण भिंतीवर वेगवेगळ्या जागी पडतात. भिंगाचे सामर्थ्य नेमके इथे आहे. ते मोठ्या भोकाएवढा प्रकाश आत घेते आणि तरीही एका बिंदूचे सगळे किरण पुन्हा एका बिंदूत आणून बसवते.

बटर पेपर

दुरुस्ती साधी होती. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूने खाचेवर बटर पेपर चिकटवला आणि टॉर्च दहा सेंटिमीटरवर आणला. आता बटर पेपरचा प्रत्येक बिंदू स्वतःच चारही दिशांना प्रकाश फेकू लागला. शिरोरेषेच्या डाव्या टोकापासून निघालेला प्रकाश शंकूसारखा पसरत संपूर्ण भिंगावर पडतो: वरच्या कडेवर, खालच्या कडेवर, मध्यावर. दांड्याच्या टोकाचाही तसाच, आणि मधल्या प्रत्येक बिंदूचाही. भिंगाच्या कोणत्याही एका चौरस मिलिमीटरवर आता अख्ख्या अक्षराचा प्रकाश हजर आहे.

शनिवारी, पूर्ण वर्गासमोर, पडदा १५ वर धरला तर त्यावर नुसता उजेडाचा गोल होता. २६ वर अक्षराचा फुगलेला, ओळखू न येणारा डाग. २९ पासून पुढे कडा आवळत गेल्या आणि ३० वर ‘त’ उभा राहिला. ३१ वर पुन्हा सैल. भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला.

शिरोरेषा राहिली. संपूर्ण अक्षर राहिले, फक्त त्याचा उजेड निम्म्यावर आला. खालचा अर्धा भाग झाकला, डावा झाकला, उजवा झाकला. दर वेळी अख्खा ‘त’. मग कागदाला मधोमध एक सेंटिमीटर व्यासाचे भोक पाडून तो भिंगावर लावला, म्हणजे भिंगाच्या क्षेत्रफळाचा पंचविसावा हिस्सा फक्त उघडा राहिला. अक्षर खूप अंधूक झाले, डोळे सरावायला थोडा वेळ लागला, पण अख्खे होते. आणि एका मुलाने लगेच दाखवून दिले की आता पडदा २८ वर नेला काय किंवा ३२ वर नेला काय, अक्षर फारसे फिसकटत नाही. शंकू निमुळता झाला की त्याचे टोक चुकले तरी डाग लहान पडतो. कॅमेऱ्याचे छिद्र लहान केल्यावर जवळचे-दूरचे सगळे स्पष्ट येते ते याच कारणाने, आणि चष्मा नसताना लांबची पाटी वाचायला माणसे डोळे बारीक करतात तेही याच कारणाने.

एका बिंदूपासून निघालेला प्रकाशाचा शंकू पुऱ्या बाहुलीवर पडतो आणि डोळ्याच्या आत पुन्हा एका बिंदूशी मिळतो, ही मांडणी जर्मन शास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांनी १६०४ साली केली. त्याआधी कितीतरी शतके डोळ्यात प्रतिमा कशी घडते याचा विचार बहुधा एकेका किरणाच्या हिशेबानेच होत असे. आमचा वर्ग दोन दिवस त्याच अडचणीपाशी थांबला होता, यात मला काही कमीपणा वाटत नाही.

कागद सरकवत नेल्यावर

इथे विषय संपवता आला असता. पण पहिल्या दिवशी जे दिसले ते खोटे नव्हते, आणि दोन्ही गोष्टी एकाच विचारात बसल्याशिवाय समजले असे म्हणता येत नाही. म्हणून काळा कागद आम्ही भिंगाला चिकटवून न ठेवता एका स्टँडवर उभा केला. त्याची खालची कड मुख्य अक्षाच्या उंचीवर ठेवली आणि तो भिंगापासून अक्षराकडे हळूहळू सरकवला.

भिंगाला टेकलेला असताना सगळे अक्षर सारखेच अंधूक होते. तो जसजसा पुढे सरकला तसतशी पडद्यावर खालच्या बाजूला, म्हणजे शिरोरेषेकडे, सावली दाटू लागली. कागद बरोबर मध्यावर, ३० सेंटिमीटरवर पोहोचला तेव्हा शिरोरेषेला तिच्या प्रकाशाचा जेमतेम पाचवा हिस्सा उरला होता आणि दांड्याच्या टोकाला चार-पंचमांश मिळत होता. हे आकडे शंकूची भूमिती मांडून काढता येतात आणि दोन मुलांनी ते काढले. कागद अक्षराला जवळजवळ टेकला तेव्हा शिरोरेषा पूर्ण गेली आणि ‘त’ मधोमध कापला गेला. मग कागद भिंगाच्या दुसऱ्या बाजूला, भिंग आणि पडदा यांच्यामध्ये आणला. आता उलटे घडले. शिरोरेषा उजळ राहिली आणि दांडा झाकोळला, कारण भिंग ओलांडल्यावर शंकू आपापल्या प्रतिमेकडे, म्हणजे वरचा खाली आणि खालचा वर, निघालेले असतात.

या सगळ्या प्रवासात भिंग ही एकच जागा अशी आहे, जिथे प्रत्येक बिंदूचा प्रकाश सारख्या प्रमाणात मिसळलेला असतो. तिथे काही झाकले तर सर्वांचे सारखे नुकसान होते. तिथून दूर, वस्तूकडे किंवा पडद्याकडे, जावे तसतसा एकेका बिंदूचा प्रकाश वेगळा होत जातो, आणि तिथे झाकले तर ज्याच्या वाटेत कागद येतो त्याचेच नुकसान होते. काय झाकले यापेक्षा कुठे झाकले याला अधिक महत्त्व आहे.

मग टॉर्चच्या पहिल्या मांडणीत ही मिसळण्याची जागा कुठे होती? हा प्रश्न त्या विद्यार्थिनीनेच विचारला, आणि उत्तरही गणिताने तिनेच काढले. टॉर्च भिंगापासून २१० सेंटिमीटरवर होता, म्हणून त्याची स्वतःची प्रतिमा भिंगामागे सुमारे २२ सेंटिमीटरवर पडत असली पाहिजे. खाचेतून आलेले सगळे किरण टॉर्चपासूनच निघालेले असल्यामुळे ते सगळे तिथेच एकत्र येत असले पाहिजेत. म्हणूनच पडदा त्याच्या अलीकडे असताना अक्षर सुलट होते आणि पलीकडे उलट. आम्ही बटर पेपर काढला, टॉर्च परत दीड मीटरवर नेला आणि कागदाची कड २२ सेंटिमीटरवर वरून हळूहळू खाली आणली. बराच वेळ काहीच झाले नाही. मग कड एखाद्या मिलिमीटरने सरकली आणि अख्खा ‘त’ एकदम विझला. अर्धा नाही, वरून नाही, खालून नाही, सगळा एकाच वेळी. तिथे दिव्याची प्रतिमा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान होती आणि कागदाच्या कडेने ती झाकून टाकली होती. फ्रेंच शास्त्रज्ञ लेऑं फूको यांनी एकोणिसाव्या शतकात दुर्बिणीचे आरसे तपासण्यासाठी सुरीची धार वापरली ती अशाच जागी.

सिनेमाच्या प्रक्षेपकात हा पेच फार पूर्वी सोडवलेला आहे. ज्या जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला, १८७० साली दादासाहेब फाळके जन्मले, तिथल्या मुलांना हे सांगताना मला विशेष आनंद होतो. प्रक्षेपकात दिवा आणि फिल्म यांच्यामध्ये प्रकाश गोळा करणारी व्यवस्था असते, भिंगांची किंवा आरशाची, आणि ती दिव्याचा प्रकाश फिल्ममधून नेऊन थेट प्रक्षेपक भिंगापाशी एकवटते. म्हणजे प्रकाश मिसळण्याची जागा मुद्दाम भिंगावर आणलेली असते. तसे केले नाही तर आमच्या पहिल्या दिवसासारखे होईल आणि फिल्मच्या कडांकडचा प्रकाश भिंगाला चुकवून निघून जाईल.

चष्म्याचा आक्षेप

ती मुलगी चष्मा लावते. दोन्ही डोळ्यांना उणे क्रमांक आहे, म्हणजे अंतर्वक्र भिंगे. सगळे झाल्यावर तिने चष्म्याच्या वरच्या अर्ध्या काचांवर बोटे ठेवली आणि म्हणाली, “पण बाई, मला तर आता फळ्याचा वरचा भाग दिसतच नाहीये. काच झाकली की दिसायचं कमी होतं. मी रोज बघते.”

माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा क्षण होता. वर्गात हात वर करणाऱ्या बहुतेकांना आपला अंदाज कुठून आला हे सांगता आले नसते. तिला सांगता आले. भिंगाची तिची पहिली ओळख प्रयोगशाळेत झालेली नव्हती. ती रोज नाकावर असणाऱ्या काचेतून झाली होती, आणि त्या काचेचा अनुभव तिने मेणबत्तीसमोरच्या भिंगाला लावला होता.

चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असते आणि उजेडात डोळ्याची बाहुली २ ते ४ मिलिमीटरची असते. फळ्यावरच्या एका बिंदूचा प्रकाश सगळ्या काचेवर पडतो हे खरे, पण त्यातला बाहुलीत शिरतो तो काचेच्या बाहुलीएवढ्याच तुकड्यातून आलेला. फळ्याच्या वरच्या भागासाठी तो तुकडा काचेच्या वरच्या बाजूला असतो, खालच्या भागासाठी खालच्या. म्हणजे चष्म्याच्या काचेवर पुन्हा नकाशा आहे. मिसळण्याची जागा इथे बाहुली आहे आणि काच तिच्यापुढे सरकवलेल्या काळ्या कागदाच्या जागी. मी तिला एक शिवणाचा दोरा दिला आणि चष्मा काढून एक डोळा मिटून, उघड्या डोळ्यासमोर पापण्यांना लागेल इतका जवळ आडवा धरायला सांगितले. दोरा बाहुलीपेक्षा बराच बारीक असतो. त्याने फळ्यावरचे एकही अक्षर झाकले नाही. हात लांब केल्यावर मात्र त्याच दोऱ्याची रेघ फळ्यावर स्पष्ट उमटली.

तिने काही न बोलता चष्मा पुन्हा लावला आणि प्रयोगवही काढली. जुन्या आकृतीवर काट न मारता तिने शेजारच्या पानावर नवी काढली. शिरोरेषेच्या टोकापासून भिंगाच्या दोन्ही कडांपर्यंत दोन रेषा, त्यांच्यामधला भाग पेन्सिलने फिकट भरलेला, आणि भिंगामागे तो भरलेला भाग पुन्हा एका टोकाला मिळालेला. समांतर किरण आणि केंद्रातला किरण त्या भरलेल्या भागातच तुटक रेषांनी दाखवले होते. मी त्या पानावर सही केली.

सोमवारी ती आली ती आईचा चष्मा घेऊन. तो द्विनाभी चष्मा होता, वरून लांबचे आणि खालच्या छोट्या अर्धवर्तुळातून जवळचे पाहण्याचा. काचेचा प्रत्येक तुकडा जर प्रत्येक बिंदूसाठी काम करत असता तर आईला सगळे दोन-दोनदा दिसले असते, असे तिचे म्हणणे होते, आणि ते बरोबर होते. मग तिने विचारले की प्रयोगशाळेतल्या भिंगाचा अर्धा भाग वेगळ्या क्रमांकाचा असता तर पडद्यावर काय झाले असते. तसे भिंग आमच्याकडे नव्हते. पण चंद्रकोरीसारखा तो तुकडा मी काडेपेटीत ठेवलेला होता. आम्ही तो शाडूच्या मातीत रोवून अक्षरापासून ६० सेंटिमीटरवर, पूर्ण भिंगात तो जिथे असायचा त्याच उंचीवर, उभा केला, बाकीची जागा काळ्या कागदाने बंद केली आणि सगळे पडदे ओढले. तिने पांढरा कागद पुढे-मागे करत मीटरपट्टीवर सरकवला आणि ३० वर थांबवला. कागदावर फिकट, उलटा, शिरोरेषेसकट अख्खा ‘त’ होता.